पाऊस येतो त्या बाजूची भिंत

आपल्या कामगार वस्तीत स्वतःचे घर बांधणे ही बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच घडणारी गोष्ट असते. त्यासाठी फंडातून पैसे काढले जातात, पतपेढीचे कर्ज काढले जाते, घरातल्या बाईच्या अंगावरचा दागिना सोनाराकडे जातो. वर्ष-दीड वर्ष ओढाताण होते आणि अखेर घर उभे राहते. दर्शनी बाजूला टाइल्स लागतात, दारावर नाव लागते, गल्लीतून जाणारा माणूस क्षणभर थांबून वर बघतो. सारे कष्ट सार्थकी लागले असे वाटते. मग पहिला पावसाळा येतो आणि आतल्या भिंतीवर ओलीचा डाग उमटतो. तो वाढत जातो, पोपडे सुटतात, कपाटाला वास येतो आणि घरात कोणाला तरी खोकला लागतो.

माझ्या घरात हे सर्व झाले आहे. मी इंजिनियर नाही. हिशेबाचे कारकुनी काम करणारा माणूस आहे. पण झालेली चूक पुढे दोन वर्षे निस्तरताना मिस्त्री, सुपरवायझर आणि जुन्या जाणत्या माणसांकडून जे शिकलो, ते नवे घर बांधणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

आमच्या घराची गोष्ट

माझे वडील लातूर जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळानंतर ते पिंपरीला आले, कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि २०१२ साली निवृत्त झाले. चिखलीला पूर्वी घेऊन ठेवलेला गुंठ्याच्या आतबाहेरचा एक तुकडा होता. फंडाचे पैसे हातात आल्यावर २०१३ साली त्यावर तळमजला आणि वर एक मजला असे घर बांधायला काढले.

रस्ता उत्तरेला, म्हणून दर्शनी बाजू उत्तरेकडे. पश्चिमेची लांब भिंत थेट हद्दीवर. बाजूला मोकळी जागा सोडायला हवी होती. ती आम्ही सोडली नाही, ही पहिली चूक. पलीकडचा प्लॉट रिकामा होता. त्याच्या मालकाचे आणि आमच्या वडिलांचे मोजणीच्या वेळी चार बोटे जागेवरून वाजले होते. बोलणे बंद होते. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून प्लास्टर करायचे तर परांची त्यांच्या जागेत उभी करावी लागणार आणि त्यासाठी त्यांना विचारावे लागणार. वडील म्हणाले, "राहू दे. ती बाजू कोण बघतंय? नंतर करू." ही दुसरी चूक.

बुद्धपौर्णिमेला गृहप्रवेश ठरला होता. पाहुणे येणार, वंदना होणार, जेवणावळ होणार. तेव्हा उरलेला सगळा पैसा समोरच्या बाजूला लागला. चकचकीत टाइल्स, जिन्याला स्टीलचा कठडा, वर नक्षीची जाळी. पश्चिमेची भिंत मात्र उघड्या विटांची राहिली.

गृहप्रवेश छान झाला. दोन-तीन आठवड्यांत पाऊस सुरू झाला. जुलैच्या झडीत तिसऱ्या दिवशी आईने आतल्या भिंतीला हात लावला आणि मला हाक मारली. म्हणाली, "बाबा, ही भित पाणी पितीय रं."

आईची खाट त्याच भिंतीला होती. खाटेखाली पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात आमची शाळेची प्रमाणपत्रे, जातीचे दाखले, जमिनीचे कागद आणि आजोबांचा एकुलता एक फोटो. पावसाळ्याच्या शेवटी ट्रंक उघडली तेव्हा फोटो काचेला चिकटला होता. कागद वाळवून वाचवता आले. फोटो वाचला नाही. आईचा दमा मात्र त्या वर्षी जो बळावला तो पुढे कधी पूर्ण गेला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ओलसर घरात राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाचे विकार होण्याचा धोका अधिक असतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा भिंतीची ओल ही केवळ रंग खराब करणारी गोष्ट समजू नये.

आपल्या पट्ट्यातला पाऊस

वडिलांचा हिशेब चुकला त्याचे आणखी एक कारण होते. मराठवाड्यात आमचे धाब्याचे घर होते. तिथे पाऊस कमी, म्हणून काळजी असायची ती छताची, पांढऱ्या मातीच्या थराची. भिंतीवर आडवा मारणारा पाऊस तिथे फारसा ठाऊक नव्हता. गावचा तो अनुभव इथे कामाचा नव्हता.

आपला पट्टा सह्याद्रीच्या पायथ्यापासून फार दूर नाही. लोणावळ्याला वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुणे शहरात तो ७०० ते ७५० मिलिमीटरच्या आसपास येतो. या दोन्हींमधले अंतर ६५ किलोमीटरच्या घरात आहे आणि पिंपरी-चिंचवड त्यांच्या मध्ये आहे. त्यामुळे देहूरोड, रावेत, निगडीकडे पाऊस जास्त आणि भोसरी, मोशी, चाकणकडे जावे तसा तो कमी होत जातो. पण चाकणकडचे माळ उघडे आहेत. महाळुंगे, खराबवाडीच्या बाजूला नव्या वस्तीत घराला आडोसा नसतो. पाऊस थोडा कमी पडला तरी वारा त्याला भिंतीवर आपटतो.

मोसमी वारे नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतात. म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत सर्वाधिक भिजते. दुपारनंतरचे कडक ऊन खाणारी भिंतही पश्चिमेचीच. एप्रिल-मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला की ती तव्यासारखी तापते आणि त्यावर एखाद्या संध्याकाळी वळवाची सर कोसळते. तापणे आणि निवणे यांत वीट वेगळी हलते, सिमेंटचा कॉलम वेगळा हलतो. दोघांच्या सांध्यावर केसाएवढी चीर पडते. पावसाळ्यात तीच चीर पाण्याची वाट होते. वातीतून तेल जसे आपोआप वर चढते तसे विटेच्या बारीक छिद्रांतून पाणी आत ओढले जाते. त्यासाठी भिंतीला मोठे भोक पडावे लागत नाही.

जुन्या माणसांना हे चांगले ठाऊक होते. मावळात आणि कोकणात पावसाळ्यापूर्वी घराच्या उघड्या बाजूला पेंढ्याचा, पानांचा किंवा माडाच्या झावळ्यांचा आडोसा बांधत. छपराची वळचण लांब ठेवत, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडत. आपण स्लॅबची घरे बांधली आणि वळचण गेली. भिंत उघडी पडली, पण तिला अंगरखा द्यायचे आपण विसरलो.

भिंतीला बाहेरून काय लावावे?

दगड: आपल्या भागातला काळा दगड पाण्याला चांगला टिकतो. मोशीच्या खाणींतला दगड या भागातल्या कितीतरी बांधकामांना गेला आहे. दगडी भिंतीला प्लास्टर लागत नाही, दरजा नीट भरल्या की पुरते. पण ती भिंत जाड असते आणि गुंठ्याच्या जागेत दीड फूट भिंत परवडत नाही. शिवाय दगड नीट बांधलेला हवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळून हजारो माणसे गेली, हे आमच्यासारखी त्या भागातली कुटुंबे विसरलेली नाहीत.

सिमेंटचे दुहेरी प्लास्टर: सर्वसाधारण कुटुंबासाठी हाच राजमार्ग आहे. पहिला थर जाड, त्यावर दुसरा पातळ, वाळूचे कण उठवून खरखरीत केलेला. नीट केले तर ते कित्येक वर्षे टिकते आणि दुरुस्तीला कोणताही मिस्त्री मिळतो. नीट म्हणजे कसे, ते पुढे सांगतो.

टाइल्स व दगडी पट्ट्या: या शोभेसाठी ठीक आहेत. पण मागे पोकळी राहिली तर पाणी तिथे साचते आणि उन्हाने टाइल सुटते. वरच्या मजल्यावरून टाइल खाली पडली तर गल्लीत खेळणाऱ्या पोराच्या डोक्यात बसेल. लावायच्याच असतील तर खाली, हात पोहोचेल इतक्या उंचीपर्यंत लावाव्यात. टाइल लावली म्हणजे आतले प्लास्टर कच्चे चालेल, असे मात्र नाही.

पन्हाळी पत्रा: दिसायला साधा, पण पावसाच्या बाजूला फार गुणाचा. भिंतीला लोखंडी अँगल मारून त्यावर रंगीत पत्रा लावतात. भिंत आणि पत्रा यांत दोन इंच मोकळी जागा ठेवावी, वर-खाली हवा जायला वाट ठेवावी. पाऊस पत्र्यावरून खाली जातो, भिंत कोरडी राहते आणि उन्हाळ्यात भिंतीवर थेट ऊनही पडत नाही. वरचा पत्रा खालच्यावर चढलेला हवा. स्क्रू पन्हाळीच्या उंचवट्यावर, रबराच्या वॉशरसह मारावा. जोडणी पक्की हवी, कारण वादळात सुटलेला पत्रा तलवारीसारखा उडतो. भंगारातला गंजका पत्रा स्वस्त पडतो, पण दोन पावसाळ्यांत त्याची चाळण होते.

सिमेंटचे पत्रे: यात अस्बेस्टॉस आहे की नाही ते दुकानदाराला आधी विचारावे. अस्बेस्टॉसचा पत्रा कापताना किंवा त्याला भोक पाडताना जी धूळ उडते ती फुफ्फुसात जाऊन बसते आणि वर्षांनंतर कर्करोगासारखे आजार करते. अस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल दिला आणि कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. अस्बेस्टॉसशिवायचे फायबर सिमेंटचे बोर्डही मिळतात. घ्यायचे तर तेच घ्यावेत.

अमेरिका, कॅनडासारख्या देशांत घराचा सांगाडा लाकडी असतो. त्यावर बाहेरून लाकडाच्या, प्लॅस्टिकच्या किंवा फायबर सिमेंटच्या आडव्या पट्ट्या एकीवर एक चढवून लावतात. त्याला तिकडे सायडिंग म्हणतात. आपल्या विटांच्या घराला त्याची नक्कल करण्याची गरज नाही. पण त्यामागचे तत्त्व घेण्यासारखे आहे. बाहेरच्या आवरणाने पाणी खाली उतरवावे आणि चुकून आत गेलेल्या पाण्याला सुकायला वाट असावी. आपला पन्हाळी पत्रा आणि कोकणातला झावळ्यांचा झाप हेच काम करतात.

चकचकीत ॲल्युमिनियमचे पॅनेल: दुकाने आणि कार्यालये यांना लावलेले पाहून काही जण घरालाही हे लावू पाहतात. याबाबत एकच उदाहरण देतो. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर ही २४ मजल्यांची इमारत. तिथे मुख्यतः सामान्य कष्टकरी माणसे राहत. डागडुजीच्या कामात इमारतीला बाहेरून नवे आवरण बसवले. त्या पॅनेलच्या पोटात पेट घेणारे प्लॅस्टिक होते. १४ जून २०१७ च्या रात्री एका घरात लागलेली आग त्या आवरणावरून सगळ्या इमारतीभर पसरली आणि ७२ माणसे मृत्युमुखी पडली. आगीच्या धोक्याबद्दल रहिवासी आधीपासून तक्रार करत होते. घर बाहेरून देखणे झाले, पण ते आवरणच काळ ठरले. तेव्हा कोणतेही पॅनेल घेण्यापूर्वी ते आग धरते का, हा पहिला प्रश्न विचारावा.

तीन पोत्यांचा हिशेब

हिशेबाचा माणूस असल्यामुळे एक आकडेमोड सांगतो. आमची पश्चिमेची भिंत ३० फूट लांब आणि गच्चीच्या कठड्यासह २३ फूट उंच. म्हणजे ६९० चौरस फूट, मिस्त्रीच्या भाषेत सुमारे ७ ब्रास.

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामात बाहेरच्या प्लास्टरची पद्धत ठरलेली आहे. पहिला थर १५ मिलिमीटरचा, एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळू. त्यात एका पोत्यामागे १ किलो वॉटरप्रूफिंग पावडर. हा थर खरखरीत ठेवून किमान २ दिवस पाणी मारायचे. मग त्यावर ६ ते ८ मिलिमीटरचा दुसरा थर, प्रमाण तेच, आणि नंतर १४ दिवस पाणी.

या हिशेबाने एका ब्रासला साधारण दीड पोते सिमेंट लागते. ठेकेदार अनेकदा बाहेरून एकास सहाचा माल मारतो. तेव्हा एका ब्रासला एक पोत्याहून थोडे जास्त लागते. फरक ब्रासमागे अर्ध्या पोत्याच्या आत. म्हणजे आमच्या संपूर्ण पश्चिम भिंतीवर फरक किती? सुमारे ३ पोती सिमेंट.

तीन पोती. समोरच्या बाजूला आम्ही लावलेल्या टाइल्सच्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नव्हती. घर गळते ते बहुधा अशा छोट्या रकमांमुळे आणि त्या कागदावर कुणी मांडून दाखवत नाही म्हणून. यासाठी ठेकेदाराशी ठरवतानाच कागदावर लिहून घ्यावे: बाहेरून दोन थर, एकास चार, पाणी किती दिवस. "चांगले करून देतो" हे शब्द कुठल्याच हिशेबात धरता येत नाहीत.

काम चालू असताना काय बघावे?

यासाठी शिक्षण लागत नाही. घरातल्या कोणीही, विशेषतः दिवसा घरी असणाऱ्या भगिनींनी, एवढ्या गोष्टींवर नजर ठेवावी.

१) माल मोजून मिसळावा. एकच घमेले धरावे. सिमेंटचे एक, वाळूची चार. फावड्याच्या अंदाजाने नाही.

२) वाळू तपासावी. काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी घालून हलवावे आणि तशीच ठेवून द्यावी. खाली वाळू बसते, वर गाळाचा थर बसतो. हा थर वाळूच्या थराच्या बाराव्या भागाहून जाड असेल तर ती वाळू परत करावी किंवा धुऊन घ्यावी. क्रश सँड असली तरी हीच परीक्षा करावी.

३) एकदम मोठा ढीग कालवू देऊ नये. पाणी पडल्यावर अर्ध्या तासाने सिमेंट धरू लागते. जेवणाच्या सुट्टीआधी कालवलेला माल सुट्टीनंतर पुन्हा पाणी घालून मारला तर तो भिंतीवर दिसतो, पण धरत नाही.

४) विटांचे सांधे खरवडलेले आणि कॉलम-बीमला टाचे मारलेले असावेत. वीट आणि कॉलम यांच्या सांध्यावर कोंबडी जाळी ठोकून मगच प्लास्टर करावे. जाळी दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच यायला हवी. पांढऱ्या हलक्या ब्लॉकचे बांधकाम असेल तर ही जाळी कधीच टाळू नये.

५) परांचीच्या वाशांची भोके हे गळतीचे मोठे ठिकाण. परांची उतरवताना घाईत कोरडा चुरा कोंबून वरून लिंपतात. प्रत्येक भोक विटेचा तुकडा आणि ओला माल घालून खोलवर भरून घ्यावे. आमच्या घरात दुरुस्तीच्या वेळी वरच्या मजल्याच्या बाहेरून अशी सात भोके सापडली.

६) खिडकीवरच्या छज्जाच्या खालच्या कडेला बोटभर रुंदीची खाच ठेवायला सांगावे. पाणी त्या खाचेपाशी थेंब होऊन खाली पडते, भिंतीकडे वळत नाही. गच्चीच्या कठड्याचा माथा गच्चीकडे उतरता असावा, बाहेर नाही.

७) पाणी मारण्यात कसूर नको. प्लास्टर पाणी पिऊन पक्के होते. मे महिन्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी मारावे लागते. आपल्या शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झाले तेव्हा अनेक बांधकामांची पंचाईत झाली. म्हणून टाकी किंवा पिंपे आधी भरून ठेवावीत. पहिल्या पाळीचा माणूस संध्याकाळी आणि दुसऱ्या पाळीचा सकाळी पाइप धरू शकतो. सगळे काम घरातल्या बाईवर टाकू नये.

जमले तर बाहेरचे प्लास्टर दिवाळीनंतर थंडीत करावे. माल सावकाश सुकतो, चिरा कमी पडतात. गृहप्रवेश १४ एप्रिलला किंवा बुद्धपौर्णिमेला करायचा असेल तर तारीख धरून मागे मोजत यावे. पावसाची भिंत आधी, दर्शनी भिंत नंतर.

आणि एक गोष्ट. परांचीवर चढणारा माणूस आपल्यासारखाच कष्टकरी आहे. परांचीचे बांबू आणि दोर तपासल्याशिवाय, कमरेला पट्टा लावल्याशिवाय त्याला वर चढू देऊ नये. आपले घर कोणाच्या घरावर आपत्ती आणून उभे राहायला नको.

रंग हा औषध नव्हे

ओल आली की पुष्कळ जण थेट रंगाच्या दुकानात जातात. ओल्या भिंतीवर महागडा रंग मारला की ओल आत कोंडते आणि रंगाला फोड येतात. आधी चिरा, भोके, छज्जा, कठडा दुरुस्त करावेत, भिंत वाळू द्यावी आणि मग रंग द्यावा. नवे प्लास्टरही निदान महिनाभर वाळू द्यावे.

जुने लोक ज्याला सरसकट स्नोसेम म्हणत तो सिमेंटचा रंग स्वस्त आहे. पण त्यालाही नंतर पाणी मारावे लागते आणि तो दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक रंग महाग, पण जास्त टिकतो. ताणला जाणारा रबरी जातीचा रंग बारीक चिरा झाकतो, मोठी चीर मात्र झाकत नाही. रंग कोणताही घ्या, पश्चिमेच्या भिंतीला फिका घ्यावा. गडद रंग ऊन ओढून घेतो, भिंत अधिक तापते आणि चिरा वाढतात.

शेजाऱ्याच्या दारात

आमच्या भिंतीचे पुढे काय झाले ते सांगून संपवतो.

दोन पावसाळे आम्ही आतून उपाय केले. आतून वॉटरप्रूफ माल लावला, पुट्टी भरली, रंग मारला. दर वर्षी लोणा पुन्हा वर आला. शेवटी एक म्हातारे वडार मिस्त्री आले. त्यांनी गच्चीवरून वाकून बाहेरची भिंत पाहिली आणि म्हणाले, "साहेब, सदरा फाटलाय भाईर आन् तुमी ठिगळ लावताय बनियनला." बाहेरून प्लास्टर केल्याशिवाय दुसरा उपाय नव्हता. आणि त्यासाठी शेजाऱ्याची परवानगी हवी होती.

२०१५ च्या दिवाळीनंतर एका रविवारी मी एकटाच त्यांच्याकडे गेलो. वडिलांना सांगितले नव्हते. "काका, आमच्याकडून चूक झाली. भिंतीला बाहेरून प्लास्टर करायचं आहे. तुमच्या जागेत पंधरा-वीस दिवस परांची लागेल," असे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "आईची तब्येत कशी आहे?" आईचा खोकला त्यांनाही रस्त्यावर ऐकू यायचा. त्यांची अट एकच होती. काम झाल्यावर जागेत मालाचा थर राहता कामा नये. तो आम्ही खरवडून, झाडून दिला. काम चालू असताना तिसऱ्या दिवशी वडील स्वतः चहाची किटली घेऊन खाली गेले आणि हद्दीच्या दगडावर दोघे म्हातारे बसले. चार बोटांचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे त्यांनीही घर बांधले. दोन्ही भिंतींमध्ये दोन इंचांची फट राहिली. अशा फटीत वरून पाणी उतरले तर दोन्ही घरे कुजतात आणि नंतर तिथे हातही जात नाही. म्हणून दोघांनी निम्मा खर्च घालून वरून पत्र्याची टोपी बसवली. एक कड आमच्या कठड्याच्या खाचेत पक्की, दुसरी त्यांच्या कठड्यावर उतरती. जोडभिंतीचे घर बांधणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे. शेजारचा प्लॉट रिकामा आहे तोवरच आपली भिंत बाहेरून पुरी करून घ्यावी. तो बांधून झाल्यावर ती संधी जन्मात मिळत नाही. आणि त्यासाठी शेजाऱ्याशी बोलणे चालू असले पाहिजे.

वडील आज नाहीत. आई आहे. तिची खाट अजून त्याच भिंतीला आहे. दर वर्षी झड लागली की ती उठते, भिंतीवर तळहात फिरवते आणि काही न बोलता पुन्हा आडवी होते. ती काही बोलत नाही, तेव्हा भिंत कोरडी आहे हे मला कळते.

वाचक बंधू-भगिनींनो, पाहुणे येतात त्या बाजूला घर सजवण्याची हौस प्रत्येकाला असते आणि त्यात काही गैर नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यांना पक्की भिंत मिळाली नाही त्यांनी आपल्या घराचा अभिमान बाळगावाच. पण पैसा मोजका असेल तर आधी तो पाऊस येतो त्या बाजूला लावा. समोरच्या टाइल्स पुढच्या बोनसला लावता येतील.